अर्धा डोस

(युवकांच्या अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



मला कविता वाचायला बोलावलं असतं तर सोपं होतं. दोन कविता वाचल्या असत्या, तुम्ही टाळ्या दिल्या असत्या, मी रात्रपाळीला निघून गेलो असतो. पण संयोजकांनी विषय दिला : विद्यापीठातलं संशोधन आणि आपली वस्ती. मी दहावी पास माणूस. गोदीत कंत्राटावर. जहाजातल्या लोखंडाला स्लिंग बांधायचे, क्रेनवाल्याला हात करायचा आणि माल डोक्यावरून जाताना खाली उभं राहायचं नाही, एवढी माझी विद्या. विद्यापीठ मी बसच्या खिडकीतून बघितलंय. पण संशोधन मी फार जवळून बघितलंय. कारण संशोधन करायला ते आमच्याकडेच येतात.

मी चार गोष्टी सांगणार. पक्ष्याची, थुंकीची, औषधाची आणि एका विद्यार्थिनीची. वेगवेगळ्या वाटतील. शेवटी एकच निघते.

शिवडीच्या खाडीत थंडी पडली की गुलाबी पक्षी येतात. फ्लेमिंगो. मराठीत त्याचं नाव रोहित. हे नाव ध्यानात ठेवा. १९९०च्या दशकापासून ते इथं हजारांनी येऊ लागले. मी नववी-दहावीत असताना जेट्टीवर बघायला जायचो. एकदा असाच उभा होतो, मागून आवाज आला, "ए, जरा बाजूला हो. फ्रेममध्ये येतोयस." हातभर लांब लेन्सवाला साहेब. मी बाजूला झालो. तेव्हा काही वाटलं नाही. पुढं वाटलं. शिवडीच्या सगळ्या फोटोंत पक्षी आहे, चिखल आहे, तिवरं आहेत, लांबवर रिफायनरी आहे. आम्ही नाही. आम्ही बाजूला झालोय.

पक्ष्याशी माझं भांडण नाही. त्याचा अभ्यास झाला हे चांगलंच झालं. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. त्याच साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी सहा रोहितांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवली. त्यांना नावं दिली. एकाचं नाव हुमायून. हुमायून कधी उडाला, गुजरातेत कुठं गेला, परत कधी आला, सगळं नकाशावर. २०२४च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तिसावर रोहित मेले, तर पेपर भरून आले. यायलाच पाहिजेत.

आता त्याच जेट्टीवरून मागं वळा. हार्बर लाइनचे रूळ ओलांडा. चालत गेलात तर महापालिकेचं टीबीचं इस्पितळ लागतं. तिथून सुटलेला माणूस कुठं जातो? त्यालाही संगणकात नंबर आहे. पण तो किती जणांच्या खोलीत झोपतो, ताटात काय पडतं, रात्री डोळ्याला डोळा लागतो का, याचा नकाशा कुणी काढत नाही. पक्ष्याला नाव, माणसाला नंबर. मी पक्ष्याचं नाव काढून घ्या म्हणत नाही. माणसाला द्या म्हणतोय.

त्यातला एक नंबर माझ्या थोरल्या भावाचा होता.

२०१६ साल. दादाही गोदीतच. खोकला लागला. वस्तीतल्या डॉक्टरनं आधी बाटली दिली, मग इंजेक्शन, मग लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी. पाच दिवसांत बरं वाटलं. दादा कामावर. काम नाही तर पैसा नाही, बसणार किती? महिन्यानं परत खोकला. परत पाच दिवस गोळी. असं तीनदा. आज मला कळतंय, ती गोळी टीबीच्या जंतूला काही दिवस दाबते, पुरतं मारत नाही, आणि निदान मागं पडतं. तेव्हा आम्ही त्या डॉक्टरला देव समजत होतो. रक्त पडलं तेव्हा सरकारी दवाखाना गाठला.

तिथं दादाच्या हातात प्लॅस्टिकची डबी दिली. यात थुंका. सकाळची पहिली, छातीतली. आई त्या डबीकडं बघत गप्प बसली. घरी आल्यावर म्हणाली, "आपल्या जुन्या माणसांच्या गळ्यात गाडगं होतं म्हणतात, थुंकायला."

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त हे लिहून ठेवलंय. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे. त्याची थुंकी जमिनीवर पडून कुणी बाटू नये म्हणून. तेव्हा आमची थुंकी रस्त्याला चालत नव्हती. आता प्रयोगशाळेला लागते. दोनशे वर्षांत थुंकी आत गेली. माणूस अजून बाहेरच्या बाकड्यावर बसलाय, नंबर पुकारायची वाट बघत.

डबीनं खरं सांगितलं. मुख्य दोन औषधांना जंतू दाद देत नव्हता. एम.डी.आर. तेव्हाचा कोर्स दोन वर्षांचा. सहा महिने रोज सुई.

दाद देत नाही म्हणजे काय, हे मला एका शिकाऊ डॉक्टरनं इस्पितळाच्या कट्ट्यावर बसून समजावलं. जंतू कोट्यवधी. त्यात एखाद-दुसरा जन्मतःच असा, की एक औषध त्याला लागूच पडत नाही. चार औषधं एकदम आणि पुरती दिली, तर एकाला चुकवलेला दुसऱ्याला सापडतो. सगळे मरतात. पण औषध एकटं दिलं, कमी दिलं, मधेच तुटलं, तर कच्चे मरतात आणि पक्का तेवढा उरतो. मग त्याचीच पिल्लावळ. ती खोकल्याबरोबर दुसऱ्याच्या छातीत जाते. त्या दुसऱ्यानं आयुष्यात एक गोळी चुकवलेली नसते, तरी त्याला पहिल्या दिवसापासून एम.डी.आर.

ध्यानात घ्या. अर्धा डोस म्हणजे निम्मं काम नाही. अर्धा डोस म्हणजे शत्रूची तालीम.

पांढरपेशे लगेच म्हणतात, झोपडपट्टीतले लोक अडाणी, गोळ्या मधेच सोडतात. ठीक आहे. मग त्यांच्याच संशोधनाला विचारू. १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मुंबईतल्या वस्त्यांमधल्या १०० खाजगी डॉक्टरांना विचारलं, टीबीला काय लिहून देता? ८० वेगवेगळी उत्तरं आली. वीस वर्षांनी, २०१० साली झरीर उदवाडियांच्या तुकडीनं १०६ डॉक्टरांना तेच विचारलं. ६३ वेगवेगळी उत्तरं. बरोबर फक्त ६. आणि सरकार? जग रोजच्या औषधावर आलं होतं तरी आपल्या सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीनच दिवस गोळ्या मिळायच्या. रोजचा डोस देशभर यायला २०१७ उजाडलं, तोही सुप्रीम कोर्टात प्रकरण गेल्यावर. आता सांगा, अडाणी कोण?

अजून पुढं. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर जोडप्यानं टीबीच्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही महिन्याचं धान्य-डाळ दिली. २०२३ साली निकाल छापून आला. ज्या घरात धान्य गेलं, त्या घरात नवा टीबी ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. लस नाही, नवं औषध नाही. तांदूळ आणि डाळ! आपल्या आज्यांना जे चुलीपुढं माहीत होतं ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तेव्हा शहाण्यांना पटलं. पटलं तर पटलं. पण मग द्या ना! २०१८ पासून रुग्णाला पोषणाचे महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. दिवसाला ३३ रुपये. हा डोस पुरा आहे का अर्धा, ते तुम्हीच मोजा.

आणि हवा? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झालाय. आयआयटीचे लोकही त्यात होते. जिथं इमारती एकमेकींना चिकटून, खिडकी उघडली की समोरची भिंत, ऊन नाही, वारा नाही, तिथं टीबी जास्त. झोपडी पाडून घर दिलं म्हणतात. भिंती दिल्या, हवा दिली नाही. हाही अर्धा डोस.

आता परत पाण्याकडं या. अभ्यासक सांगतात, ठाण्याच्या खाडीत सांडपाण्याच्या खतावर शेवाळ फोफावतं आणि रोहित पक्षी ते खातो. खाण्यातल्या रंगानंच तो गुलाबी होतो. म्हणजे ज्या गटाराला नाकं मुरडता त्यावर तुमचा फोटो उभा आहे. पण गटारात दुसरंही वाढतं. २०११ साली दिल्लीत रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या ५१ मध्ये औषधांना दाद न देणारी एन.डी.एम.-१ ही जनुकं सापडली. नळाच्या ५० नमुन्यांतही २ निघाले. आपल्याकडं गोंधळ कशावरून झाला? 'न्यू दिल्ली' हे नाव त्यात का घातलं म्हणून! पाण्यावरून नाही, नावावरून. १९२७ साली महाडला माणसांनी पाणी प्यालं तर तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्र ओतणारे हे लोक. खरं बाटलेलं पाणी ह्यांना दिसत नाही. त्या पाण्यात उतरतो कोण? २०१३ साली कायद्यानं बंदी आली, तरी त्या मॅनहोलमध्ये आपलाच माणूस मरतो. त्याच्या अंगावरून गेलेल्या जंतूचा प्रबंध होतो. त्याचा होत नाही.

मित्रांनो, हा अर्धा डोस मी गोदीत उभा राहून खूप दिवस चघळला. आणि एक दिवस डोक्यात लख्ख पडलं. अरे, हे फक्त टीबीचं नाही! जातीचंही हेच झालंय.

कायदा केला, अंमल केला नाही. राखीव जागा दिली, वसतिगृहातली वागणूक बदलली नाही. फेलोशिप दिली, पैसे वेळेवर दिले नाहीत. दर वेळी थोडं औषध दिलं आणि मधेच तोडलं. मग काय झालं? जातीतलं कच्चं तेवढं मेलं. पक्कं उरलं. ती जात आता गळ्यात मडकं बांधत नाही. ती इंग्रजी बोलते. ती जात विचारत नाही, रँक विचारते. पूर्ण नाव विचारते आणि 'अच्छा' म्हणते. ती 'मेरिट' म्हणते. औषधाला दाद न देणारी जात, मित्रांनो. तिला शोधायची डबीसुद्धा नाही.

नाही कशी म्हणू? एकदा काढली होती. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी आवाज केला, तेव्हा सुखदेव थोरातांची समिती बसली. मिलिंद कॉलेजात शिकलेला माणूस. २००७ साली अहवाल आला. वसतिगृहाच्या खोल्यांपासून परीक्षेपर्यंत भेदभाव कसा चालतो, हे कागदावर आलं. निदान झालं. पण उपचार?

१७ जानेवारी २०१६. आता ते नाव आठवा. रोहित. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला. पीएच.डी. करत होता, विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं त्याला. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचं काम केलं म्हणून फेलोशिप थकली, पाच जणांना वसतिगृहाबाहेर काढलं, थंडीत उघड्यावर झोपले. त्या जागेला त्यांनी नाव दिलं वेलिवाडा. म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. विद्यापीठाच्या आत! २२ मे २०१९ ला आपल्या मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. ह्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली हातात हात घालून सुप्रीम कोर्टात गेल्या. लेकरं गमावलेल्या बाया पुढच्या लेकरांसाठी उभ्या राहिल्या. यापेक्षा मोठं विद्यार्थी आंदोलन मला माहीत नाही.

पेपरात काय येतं? 'नैराश्यातून'. जंतू हवेत असतो आणि दोष छातीला देतात, तसंच हे. मन आजारी पडतं, खरं आहे. ते नाकारू नका. आपल्यात मर्द गडी रडत नाही वगैरे बकवास फार चालते. पण मन हवेत लटकत नसतं. त्यालाही खोली लागते, खिडकी लागते, डाळ-तांदूळ लागतो, कुणीतरी नावानं हाक मारावी लागते.

मनाचं मी घरात बघितलं. दादाला ज्या गोळ्या होत्या त्यात एक सायक्लोसेरिन. चौथ्या महिन्यात दादा रात्री उठून बसायला लागला. भिंतीशी बोलायचा. म्हणायचा, मुकादम दाराबाहेर उभाय, मला न्यायला आलाय. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं. शेजारच्यांनी भगत आणायचं ठरवलं. मीही हो म्हणालो होतो, खोटं का बोलू? त्या रात्री आमच्याच चाळीतली एक मुलगी आली. बी.ए.ला मानसशास्त्र शिकत होती. माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणतो. तिनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट वाचलं आणि म्हणाली, "दादांना भूत लागलं नाही. ह्या गोळीनं काहींना असं होतं. भगत नको, आत्ता इस्पितळात चला. आणि बाकीच्या गोळ्या मनानं बंद करू नका." टॅक्सीचे पैसे तिनंच दिले. डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, दुसरी दिली. दादाचं डोकं ठिकाणावर आलं. अडतीस किलोचा झाला होता. कोर्स पुरा केला. कानाला आज कमी ऐकू येतं, पण जिवंत आहे. मागच्या रांगेत बसलाय, म्हणून मी मोठ्यानं बोलतोय.

कानावरून आठवलं. त्या सुयांनी कान गेलेल्या दोन तरुण मुली, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. बेडाक्विलिन नावाची गोळी आली, सुई टळते. पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी तिचं पेटंट पुढं लांबवायला निघाली होती. ह्या दोघींनी २०१९ साली हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. ऐकू न येणाऱ्या दोघींनी कंपनीला ऐकायला लावलं. आज एम.डी.आर.चा कोर्स बऱ्याच जणांना सहा महिन्यांचा झालाय. तो आकाशातून पडला नाही. संशोधन आणि आंदोलन एकत्र आलं तेव्हा डोस पुरा झाला.

आता त्या ताईचं. तिला विचारून सांगतोय. संशोधकांनी आमच्याकडून इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या तशी परवानगी नाही, मराठीत विचारून घेतलीय. ती आज पीएच.डी. करतेय. विषय : एम.डी.आर. रुग्णांचं मन. तिचे मार्गदर्शक तिला म्हणतात, तू विषयाच्या फार जवळ आहेस, तटस्थ राहता येणार नाही. वा रे तटस्थ! जेट्टीवरचा लेन्सवालाही मला हेच म्हणत होता. बाजूला हो, फ्रेममध्ये येतेस. फेलोशिपचे पैसे महिने-महिने येत नाहीत. कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसत नाही. तीन आठवडे ती नीट झोपलेली नाही. मागच्या रविवारी मला म्हणाली, "दादा, मी सोडते."

मी तिला काय सांगणार? मी कवी, मी जोरदार बोलू शकतो. पण जोरदार बोलून झोप येत नाही. मी एवढंच सांगितलं, की ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी जातीवर निबंध वाचायला उभा राहिला. तो विषयाच्या जवळ नव्हता, तो विषयाच्या आतून आला होता. म्हणून त्याला दिसलं ते इतरांना दिसलं नाही. पण बाबासाहेब एकटे लढले म्हणून प्रत्येक लेकरानं एकटं लढायचं, हा कुठला न्याय? एकटं औषध दिलं की काय होतं ते मी आत्ताच सांगितलं.

म्हणून तीन गोष्टी मागतो आणि बसतो.

एक. वस्तीत कुणी अभ्यासाला आलं तर हाकलू नका. विज्ञान आपलं शत्रू नाही, त्यानंच दादा वाचला. पण विचारा : संमतीपत्र मराठीत आहे का? निकाल इथं येऊन वाचून दाखवणार का? आमचं कोण आहे तुमच्यात?

दोन. टीबीच्या प्रत्येक घराला आपला एक माणूस जोडा. गोळ्या संपेपर्यंत, वजन भरेपर्यंत. आणि धान्य, हवा, रोजचा पगार ही मागणी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहा. कुणी मनानं अँटिबायोटिक देत असेल तर त्याला थुंकीची तपासणी मागा.

तीन. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन असू द्या. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ आहे, लिहून घ्या, लाज नको. पण आपलाही एक असू द्या. ताईला शंभर घरांत जाऊन बोलायचंय. सदतीस झाली. ती एकटी फिरते. इथं चाळीस जण बसलोय. आळीपाळीनं दोघं-दोघं तिच्यासोबत जाऊ. फेलोशिप येईपर्यंत चाळीस जणांनी महिन्याला दोनशे काढले तर आठ हजार होतात. माझे पहिले दोनशे मी ह्या टेबलावर ठेवतो.

ही वही फिरवतोय. नावं लिहा. पेनानं लिहा, पेन्सिलनं नको.

जयभीम.